निळ्यात माणूस शोधताना

माझ्या धंद्याला नीट नाव नाही. कार्ड छापायला गेलो तेव्हा छापणाऱ्यानं विचारलं, काय टाकू? मी म्हटलं, "माणसं मिळतील" टाक. तो हसला आणि "लेबर सप्लायर" टाकून मोकळा झाला. मला ते पटलं नाही. लेबर सप्लायर ट्रक भरून माणसं नेतो, मी एकेक नेत होतो. चितेगावच्या, वाळूजच्या लहान वर्कशॉपवाल्याला लेथ चालवणारा एखादा टर्नर लागायचा, कोणाला वेल्डर, कोणाला ग्राइंडरवर बसणारा. ते फोन करायचे, तात्या, माणूस बघा. मी बघायचो. गुडघे होते तोवर तेच केलं.

आधी माणूस कसा शोधायचो ते सांगतो. कन्नडच्या बाजाराच्या दिवशी स्टँडवर जाऊन जीपवाल्यांपाशी बसायचं. जीपवाल्याला सगळं माहीत असतं. कोणी शनिवारी शहरातून गावी आला आणि सोमवारी परत गेला नाही, तर त्याची नोकरी गेली. दोन सोमवार गेला नाही तर त्याला नवीनही मिळाली नाही. तिसऱ्या सोमवारी मी त्याच्या दारात. माझी सगळी विद्या एवढीच. शाळा चौथीपर्यंत, पुढं शाळेला आणि मला एकमेकांची गरज वाटली नाही.

मग फोन आला. मला नाही, आमच्या मंडळीला. पुण्याच्या लेकीनं कौसाला मोठ्या काचेचा फोन पाठवला, नातीचं तोंड दिसावं म्हणून. त्यात दोन खिडक्या होत्या, एक हिरवी, एक निळी. हिरव्यात निरोप यायचे. निळ्यात सगळी दुनिया आपापले फोटो टाकून बसलेली. कंपन्यांची नावं आम्ही कधी घेतली नाहीत, घरात निळं आणि हिरवं एवढंच म्हणायचो.

कौसा सातवी पास होती. महिनाभरात ती निळ्यात अशी फिरायला लागली की शेजारणी आपल्या भावकीची खबर तिच्याकडून घ्यायच्या. एक दिवस मी तीन गावं पालथी घालून परत आलो होतो. एक टर्नर पाहिजे होता, भगवान नावाचा, सापडत नव्हता. चपला काढता काढता बडबडलो. ती म्हणाली, "निळ्यात बघितला का?"

बघितला तर भगवान नावाचे शंभर. आमचा त्यात नव्हताच. आमच्याकडची पोरं निळ्यात खरं नाव लावत नाहीत. कोणी सरकार, कोणी किंग, कोणी नुसताच भैया. फोटोच्या जागी वाघ नाहीतर दुसऱ्याची बुलेट. मी म्हटलं, झालं, याच्यापेक्षा जीपवाला बरा.

"आवो, पोरगी बघायला गेल्यावर आपण काय इचारतो?" कौसा म्हणाली. "मामा कोण, गाव कोणतं. नाव तर शेवटी इचारतो. त्याच्या बहिणीवरून शोधा."

तिनं बहिणीवरून शोधलं. भाऊ स्वतःला काहीही म्हणवून घेवो, बहीण राखीचा फोटो टाकते आणि खाली सरळ लिहिते, माझा भगवान दादा. त्यावर बोट ठेवलं की दादाचं पान उघडतं. आमचा भगवान "शेर ए कन्नड" नावानं बसलेला होता. चौथ्या दिवशी तो चितेगावला लेथवर उभा राहिला.

तिथून आमची जोडी जमली. नातं ती वाचायची, हात मी वाचायचो. एखाद्यानं लेथवर हात ठेवून फोटो काढला आहे, फुल बाह्यांची बटणं लावली आहेत, मनगटात गंडा आहे. मी म्हणायचो, पुढं सरक. लेथवरचा माणूस मनगटात काही ठेवत नाही. फिरतं चाक कापड धरतं आणि मग हात मागत नाही, घेतं. एकजण होता, त्याचे पाच निरनिराळ्या मशिनींवर फोटो. मालक खुश, म्हणाला हा तर ऑलराउंडर आहे. मी फोटो मोठे करून बघितले. पाचही फोटोंत मशीन बंद, मागचे दिवे बंद, आणि त्याच्या खिशाला शिट्टीची दोरी. तो तिथला वॉचमन होता. कारखाना सुटला की एकेका मशिनीपाशी उभा राहायचा. त्याला मी वॉचमनचीच दुसरी चांगली जागा दिली. तिथंही त्यानं फोटो काढलेच.

आपण माणसं शोधतो तशी माणसंही आपल्याला शोधतात, हे मला एका बाईनं शिकवलं. सुरेखाताई म्हणून होत्या, तयार माल तपासायचं काम करायच्या. एका मालकाकडं जागा होती, मी त्यांना बोलावलं. त्या म्हणाल्या, दोन दिवस द्या. दोन दिवसांनी नाही म्हणाल्या. मी विचारलं, का?

"तात्या, दर खंडेनवमीला मशिनींची पूजा झाली की मालक सगळ्यांसोबत फोटो काढतात आणि निळ्यात टाकतात. पाच वर्षांचे फोटो मी शेजारी शेजारी लावून बघितले."

"मग?"

"पुढच्या रांगेत दरसाल तेच. मागच्या रांगेत दरसाल नवीन तोंडं. माझी जागा मागच्या रांगेतलीच असणार."

मी त्या मालकाकडं वर्षानुवर्षं जात होतो. चहा पीत होतो. माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं. त्या दिवसापासून मीही मालकांचे खंडेनवमीचे फोटो बघायला लागलो. काही मालकांचे फोन घेणं त्यामुळं बंद केलं. कौसाला हे लई आवडलं. ती म्हणायची, आता तुम्हाला अक्कल यायला लागली.

मग ती दुष्काळाची सालं आली.

आम्ही राहतो पडेगावला. तिथं प्लॉट पडत होते, घरांवर मजले चढत होते, आणि खाली ड्रमांची रांग. टँकर आठव्या दिवशी. चितेगावच्या काही कारखान्यांनी पाण्यावाचून दुसरी पाळी बंद केली होती आणि गावाकडून माणसं लोटत होती. तोवर माझं काम माणूस शोधायचं होतं. आता एका जागेला साठ माणसं यायला लागली आणि माझं काम माणूस गाळायचं झालं. मालक म्हणायचे, तात्या, तुम्ही निळ्यात बघता ना, मग जरा बघून सांगा, कसा आहे.

मला त्याचा अभिमान वाटायला लागला. खोटं कशाला सांगू. चौथी शिकलेला माणूस इंजिनियर साहेबाला सांगतोय, हा नको, तो घ्या. आणि साहेब ऐकतोय. मी घाईनं बघायला लागलो. एका चहात चार माणसं. हा हिंडतो, नको. हा टिकत नाही, नको. हा मिरवणुकीत नाचतो, नको. त्या दिवसांत मी हात बघायचं सोडून तोंडं बघत होतो.

पाठक साहेबांचं चितेगावला डायचे, म्हणजे साच्यांचे, पार्ट बनवायचं वर्कशॉप होतं. माणूस सरळ, पण त्यांच्या आधीच्या जागी एकदा गेटवर मोठं भांडण झालं होतं, त्याची त्यांना धास्ती. त्यांना सरफेस ग्राइंडरवर माणूस पाहिजे होता. हे मशीन लोखंडाचा तुकडा केसाच्याही बारीक भागापर्यंत सपाट करतं, आणि चांगला माणूस कानानं चालवतो. घासणाऱ्या फिरत्या दगडाचा आवाज बदलला की हात मागं घेतो.

असा माणूस माझ्याकडं होता. नामदेव, कन्नडच्या पलीकडचा. त्याच्या कारखान्यानं पाळी बंद केली तेव्हा त्याचं काम गेलं होतं. पाठक साहेबांकडं त्यानं दोन तास चालवून दाखवलं, साहेबांनी तुकडा मोजला आणि मान हलवली. सोमवारी ये म्हणाले. नामदेवनं त्याच दिवशी चितेगावला खोली घेतली. मला म्हणाला, "तात्या, बायको सातव्यात हाय. गावात विहिरीच्या तळाला उतरून घागर भरावी लागती. तिला घेऊन येतो. इथं निदान दारात टँकर येतो."

संध्याकाळी साहेबांचा फोन. "तात्या, एकदा तुमच्या पद्धतीनं बघून घ्या हं. मला परत गेटवर घोषणा नकोत."

मी कौसाचा फोन घेतला. ती भाकरी थापत होती. नामदेवचं पान मला माहीत होतं, उघडलं. वरच फोटो. जुन्या कारखान्याचं गेट, माणसं उभी, मुठी वर, हातात पुठ्ठ्याची पाटी. खाली नामदेवचं नाव. मी साहेबांना लगेच सांगितलं, नेतागिरी करतो, बघा बुवा. साहेब म्हणाले, बरं झालं सांगितलंत.

सोमवारी नामदेव डबा घेऊन गेटवर गेला तेव्हा त्याला आत घेतलं नाही. त्याचा मला फोन आला. "तात्या, काम नाय तर नाय. पण का नाय, तेवढं सांगा." मी म्हटलं, साहेबांचा विचार बदलला. एवढं बोलून फोन ठेवला. मला लोक तोंडावर बोलणारा म्हणतात. त्या दिवशी नव्हतो.

गुरुवारी कौसानं विचारलं, त्या पिशोरच्या जावयाचं काय झालं? नामदेवची सासरवाडी पिशोरकडची, तिच्या लक्षात माणसं अशीच राहायची. मी सांगितलं. ती म्हणाली, दाखवा फोटो. मी फोटो आधीच फोनमध्ये उतरवून ठेवला होता, साहेबांना दाखवायला म्हणून. तिनं चष्मा घातला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि एकेक तोंड बघत गेली.

"ह्याच्यात तो कुठाय?"

"खाली नाव हाय की."

"नाव हाय. माणूस कुठाय?"

तेवीस तोंडं होती. नामदेव त्यात नव्हता.

निळ्यातली ही खोड बाहेरच्यांना सांगायला पाहिजे. फोटो कोणीही टाकतो आणि त्याला वाटेल त्याचं नाव चिकटवतो. चिकटवलं की तो फोटो त्या माणसाच्या पानावर आपोआप जाऊन बसतो. आमच्याकडं गल्लीतल्या पुढाऱ्याचा वाढदिवस असला की बॅनरच्या फोटोला पन्नास जणांची नावं चिकटवतात, जास्त लोकांनी बघावं म्हणून. मला स्वतःला एकदा कोणीतरी एका डेअरीच्या उद्घाटनाला चिकटवलं होतं. ती डेअरी कुठं आहे ते मला अजून माहीत नाही. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी नाव बघून माणूस ठरवला.

 कौसानं फोन माझ्या हातात दिला. मी साहेबांना लावला, म्हटलं, चूक माझी, तो फोटोत नाही. साहेब वैतागले. "तात्या, माझी ऑर्डर अडकलीय. सोमवारी सकाळपर्यंत थांबतो. त्याला आणा, नाहीतर दुसरा बसवतो."

गुरुवारची दुपार ते सोमवारची सकाळ. नामदेवचा फोन बंद. चितेगावला गेलो, खोलीवाली म्हणाली, पिशवी घेऊन गेला, खोली सोडली. निळ्यात बघितलं तर त्याचं पानच नाही. त्यानं ते बंद करून टाकलं होतं. इतकी वर्षं मी माणसं शोधली, पण दिसू नये म्हणून गेलेला माणूस कधी शोधला नव्हता.

शुक्रवारी सकाळी कौसा फोन घेऊन ओट्यावर बसली. मी शेजारी.

"सातवा म्हणाला व्हता ना तो?"

"व्हय."

"मग माहेरी डोहाळजेवण झालंच असंल. भावानं फोटो टाकल्याबिगर राहिला नसंल."

तिनं पिशोर आणि डोहाळजेवण असं लिहून शोधलं. मी तोवर कधी इतके झोपाळे एकदम बघितले नव्हते. कोणी चंद्रावर बसवलेली, कोणी होडीत, फुलांचे मुकुट, हातात धनुष्यबाण. एवढ्या दुष्काळात लोकांनी लेकींची हौस सोडली नव्हती. मी प्रत्येक फोटोत मधली बाई बघत होतो. कौसा कडेची माणसं बघत होती. अर्ध्या तासानं ती म्हणाली, "ह्यो बघा." झोपाळ्याचा दोर धरून मागं एक माणूस उभा होता, अर्धं तोंड दिसत होतं. नामदेव.

फोटो टाकणारा त्याचा मेहुणा, नाव लावलेलं "फक्त सरकार". कौसानं त्याला लिहिलं, मी तुमच्या दाजीची मावशी. त्याचं उत्तर आलं, दाजीची मावशी वारली. मला हसू फुटलं. तिनं परत लिहिलं, मग काम देणारी मावशी समज. त्यांना निरोप द्यायचा हाय, चांगला हाय.  मग उत्तर आलं, दाजी टँकरवर हायेत. सकाळी कन्नडच्या अलीकडं सरकारनं घेतलेल्या विहिरीवर भरायला येतात.

शनिवारी मी पहिली एसटी धरली. निघताना कौसा म्हणाली, "जागा द्यायला चाललाय ना? मग कोणी घालवली ते बी सांगून या."

विहिरीवर तीन टँकर लागले होते. नामदेव टँकरवर चढून पाइप धरून उभा होता. मला बघितलं, पण खाली आला नाही. टँकर भरेपर्यंत मी उन्हात उभा राहिलो. मग तो उतरला, हात पुसले.

मी म्हटलं, "नामदेव, तुझी जागा मी घालवली. साहेबांनी नाही. निळ्यात गेटवरचा फोटो बघितला आणि साहेबांना सांगितलं, नेतागिरी करतो. मग नीट बघितलं, तर तू त्यात नाहीस. साहेब सोमवारी घ्यायला तयार आहेत. चल."

तो ऐकत होता. चेहऱ्यावर राग आला नाही, त्याचंच मला नवल वाटलं.

"तात्या, मी फोटोत नाय, ते खरं हाय. पण मी तिथं व्हतो. फोटो मीच काढला."

मी टँकरच्या सावलीत सरकलो.

"माझ्या फोनचा कॅमेरा चांगला व्हता. टाकला दुसऱ्यानं, माझं नाव चिकटवून. घोषणा बी दिल्या मी. फोटो काढताना हात हलायला नको म्हणून तेवढी दोन मिनिटं गप बसलो."

"कशाच्या घोषणा?"

"पाण्याच्या. प्यायचा कूलर बंद केला व्हता त्यांनी. म्हणाले, घरून बाटली आणा. भट्टीपाशी आठ तास आन एक बाटली. तेवढंच मागितलं."

मी विहिरीच्या कठड्यावर बसलो. मी साहेबांना आधी जे सांगितलं होतं ते चुकून का होईना खरं निघालं होतं, आणि नंतर जे सांगितलं ते अर्धवट. धंद्यात असं कधी झालं नव्हतं. मी म्हटलं, "हे बघ, साहेबांना मी सांगितलंय की तू फोटोत नाहीस. ते खोटं नाही. पुढचं कोणी विचारलेलं नाही. तू चल. बायकोचा विचार कर."

तो पहिल्यांदा चिडला. "तिचं नाव घेऊन मला खोटं बोलाया लावू नका. आज दडवलं तर उद्या दुसरा कोणी तात्या फोटो घेऊन जाईल. तव्हा ती बाळासकट चितेगावला आसंल. सगळं सांगा साहेबाला. सांगून घेतलं तर येतो."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर हितं निदान पाणी हाय." त्यानं पाइपाकडं बघितलं. पण हसला नाही. त्याला ती जागा किती पाहिजे होती ते मला दिसत होतं. पाइप गुंडाळतानाही उजव्या हाताची बोटं तो सांभाळून धरत होता, ग्राइंडरवाले धरतात तशी.

सोमवारी सकाळी आम्ही दोघं पाठक साहेबांच्या केबिनमध्ये उभे. त्यानं डबा आणला नव्हता. मागच्या सोमवारी भरलेला डबा परत न्यावा लागला होता, ते मला त्याच्या रिकाम्या हातांकडं बघून आठवलं.

मी सगळं सांगितलं. घाईत मत दिलं ते, फोटोत नव्हता ते, आणि फोटो त्यानंच काढला तेही. साहेबांनी हातातला पेन ठेवला. म्हणाले, "म्हणजे तुम्ही पहिल्यांदा बरोबर होता."

"नाही साहेब. पहिल्यांदा मी बघितलंच नव्हतं. पाटीवर काय लिहिलंय तेसुद्धा वाचलं नव्हतं."

साहेबांनी नामदेवला विचारलं, "घोषणा काय होत्या?"

"प्यायला पाणी द्या. एकच व्हती साहेब. तीच ती दिली."

"आमच्याकडे कूलर आहे."

"मग मला दुसरी घोषणा येत नाय."

बाहेर मशिनी चालू होत्या. साहेबांनी नामदेवच्या हातांकडं बघितलं. मला वाटलं, आता जा म्हणतात. त्यांनी टेबलावरची घंटी दाबली आणि आलेल्या माणसाला सांगितलं, याला कामाच्या कपड्यांचा एक जोड द्या. मग नामदेवला म्हणाले, "पहिला पीस मला दाखवल्याशिवाय दुसरा लावू नकोस." आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "तात्या, तुम्ही या आता."

पंधरा दिवसांनी नामदेवनं बायकोला आणलं. तीच खोली परत मिळाली. मुलगी झाली तेव्हा कौसा डिंकाचे लाडू घेऊन गेली होती. परत आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, "नाय म्हणून सांगितलेले आणिक किती हायेत?"

"कोण?"

"फोटो बघून तुम्ही नाय म्हणलेले."

मी म्हटलं, लक्षात नाहीत. ती म्हणाली, माझ्या हायेत. फोन माझाच व्हता. मी चिडलो. म्हटलं, आता काय एकेकाच्या दारात जाऊन पाया पडू का? ती आत गेली. त्यावर आमचं परत बोलणं झालं नाही.

त्यानंतर मात्र मी मालकांना सांगून टाकलं, हाताचं काम दाखवतो, तोंडाचं मत मागू नका. काही राहिले, बरेच गेले. त्यांना आता कॉम्प्युटरवाल्या एजन्स्या मिळाल्या होत्या, त्या माणसाचं सगळं काढून देतात. काढू द्या. माझ्याकडं फोन कमी झाले. एक मात्र अधूनमधून व्हायचं. एखाद्या मालकाचा फोन यायचा, तात्या, तुम्ही पाठवलेला माणूस चांगला निघाला. मी म्हणायचो, मी कोणी पाठवला नाही. तो म्हणायचा, तुमच्याच घरून निरोप आला होता. मला वाटायचं, याचा काहीतरी घोटाळा झालाय.

कौसा गेल्या पौषात गेली. तीन आठवडे दवाखान्यात होती, मग घरी आणली, मग गेली. त्याबद्दल जास्त लिहिता येत नाही. सकाळी दोन कप चहा ठेवायची सवय अजून मोडलेली नाही, दुसरा मीच पितो.

लेक म्हणाली, बाबा, आईच्या फोनमधले फोटो मला पाठवा. मी तिचा फोन चार्ज करून चालू केला. निळं उघडलं. नातीचं पान शोधायला म्हणून वरच्या शोधायच्या पट्टीवर बोट ठेवलं. मी इतकी वर्षं निळं वापरलं, पण बोट ठेवल्यावर काय होतं ते कधी नीट बघितलं नव्हतं. माझ्या हातात फोन यायचा तो ती पान उघडून द्यायची तेव्हा, नाहीतर घाईत. बोट ठेवलं की त्या फोननं आधी कोणाकोणाला शोधलंय त्यांची नावं खाली पडतात. सगळ्यात अलीकडचं वर.

मला वाटलं नातेवाईक असतील. पहिलं नाव ओळखीचं वाटेना. दुसरंही नाही. तिसरं वाचलं, इस्माईल. वेल्डर. दर सहा महिन्यांनी नवीन ठिकाणचा फोटो होता, म्हणून मी "टिकत नाही" म्हणून सांगितलं होतं. मग पहिलं नाव आठवलं. मिरवणुकीत नाचणारा. दुसरा, हिंडणारा. खाली खाली जात राहिलो. सगळे माझेच. मी नाही म्हटलेले. मला लक्षात नव्हते ते तिच्या लक्षात होते, आणि ती त्यांना शोधत राहिली होती, दवाखान्यात नेलं त्या आठवड्यापर्यंत.

इस्माईलचा नंबर फोनमध्ये होता. मी लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

मी हॅलो म्हणायच्या आधीच तिकडून आवाज आला. "खाला, कित्ते दिन हो गए. मेसेज नै, कुछ नै. तबेत ठीक है ना?"

खाला म्हणजे मावशी, म्हणजे कौसा. मी म्हटलं, "इस्माईल, मी तात्या."

मागं ग्राइंडरचा आवाज होता. तो कोणाला तरी म्हणाला, बंद कर जरा. आवाज थांबला. "तात्या, खाला किधर है?"

मी सांगितलं.

हातातलं काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, वाळूजची ही जागा खालानंच कळवली होती, सहा वर्षं झाली, टिकलोय. आईला बरं नव्हतं म्हणून तेव्हा गावी जावं लागायचं, तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, विचारलं नव्हतं मी. इस्माईल, तेव्हा तुझं काम माझ्यामुळं गेलं होतं. चूक माझी होती.

"वो तो खालाने तभीच बता दिया था, तात्या," तो म्हणाला. "आप घरपेच हैं ना? मैं आता हूं."

तो आलाच. बायकोला घेऊन आला. चहा मी केला.

यादीतल्या एकेका नावाला मी आता दिवसाआड फोन लावतो. आधी कौसाचं सांगतो, मग माझं. माझं सगळ्यांना आधीच माहीत असतं. तरी सांगतो.